मांजरीच्या चौथ्या मजल्यावरचा समुद्र

"मॅडम, मासे मजेत आहेत. पण गोगलगाई पडल्या."

फोन वानखेडे सरांचा होता. आवाज फार शांत. वर्गात एखाद्या पोराचं डोकं फुटलं की मास्तर ज्या आवाजात "काही झालं नाही" म्हणतात, त्या जातीचा.

"पडल्या म्हणजे?"

"रोज काचेवर चढलेल्या असतात. आज सगळ्या खाली, वाळूत. दोन तर उलट्या. हलत नाहीत."

"आणि मश्रूम प्रवाळ?"

आधी दार लोटल्याचा आवाज आला.

"मिटलेत. आमच्या नितीनला अजून सांगितलं नाही."

हे शेवटचं वाक्य ऐकलं आणि मी बॅग उचलली.

मी बिबवेवाडीतल्या एका ॲक्वेरियमच्या दुकानात काम करते. झूलॉजी शिकले. लोकांच्या घरी, दवाखान्यांत, ऑफिसांत काचपेट्या लावायच्या आणि नंतर त्या सांभाळायच्या, हे माझं काम. बहुतेक पेट्या गोड्या पाण्याच्या असतात. खाऱ्या पाण्याची पेटी वेगळी. त्यातही रीफ टँक आणखी वेगळा. रीफ म्हणजे प्रवाळाचा खडक. रीफ टँकमध्ये नुसते मासे नसतात. प्रवाळ असतो, गोगलगाई असतात, खडकावर आणि वाळूत डोळ्यांना न दिसणारे जीव असतात. थोडक्यात, समुद्राचा एक तुकडा घरात चालू ठेवायचा असतो. समुद्र अफाट असतो म्हणून चुका पचवतो. काचपेटी पचवत नाही. पेटी जितकी छोटी तितकी चूक लवकर बाहेर येते.

वानखेडे सर दुकानात पहिल्यांदा आले ते पावसाळ्यात. छत्री बाहेर झटकून, घडी घालून आत आले आणि थेट विचारलं, "जिवंत प्रवाळ मिळेल का?"

काउंटरवर आमचे जोगळेकर सर होते. दुकानाचे मालक. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं.

"मिळेल. पगार किती?"

"पेन्शन आहे."

"मग गप्पी घ्या. पिल्लं फुकट."

वानखेडे सर रागावले नाहीत. हसले. म्हणाले, "गप्पी आमच्या यवतमाळकडे नाल्यात सोडतात, डास खायला. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत भूगोल शिकवायचो. कंकणाकृती प्रवाळद्वीप निळ्या खडूनं फळ्यावर काढायचो. सगळी नोकरी काढलं. पाहिलं मात्र कधी नाही. पोरं विचारायची, सर तुम्ही पाहिलं का? मी म्हणायचो, पुढचा धडा उघडा."

माझं डोकं तापलं ते तिथेच. रीफ हा श्रीमंतांचा खेळ, हे वाक्य मी या धंद्यात आल्यापासून ऐकते आहे. ज्यांच्याकडे भिंतभर टाकी आहे त्यांना आतल्या माशाचं नाव माहीत नसतं. आणि ज्याने अर्ध्या जिल्ह्याला प्रवाळ शिकवला, त्याने गप्पी घ्यायचे?

"सर, समुद्र काय फक्त बंगलेवाल्यांचा आहे का?" मी जोगळेकरांना विचारलं.

"समुद्र सगळ्यांचाच आहे, गायकवाड. फिल्टर विकत घ्यावा लागतो."

"मी कमी पैशांत लावून दाखवते."

"लावाल हो. लावायला काय लागतं? टिकवून दाखवा. ही मेली तर यापुढे दुकानात स्वस्तातला रीफ हा शब्द काढायचा नाही. आपण पत्रकं काढता ना, त्यातही नाही."

पत्रकांचा टोमणा मला होता. माझे बाबा भोसरीच्या कारखान्यात होते, युनियनची पत्रकं तेच लिहायचे. घरात वर्तमानपत्र उशिरा आलं, पत्रकं आधी. त्यामुळे कुठलीही गोष्ट एका पानात, चार माणसांना समजेल अशी लिहून वाटली की निम्मं काम झालं, असा माझा पक्का समज आहे. दर ग्राहकाला मी एक पान लिहून देते. काय करायचं, काय नाही. जोगळेकर त्याला 'जाहीरनामा' म्हणतात.

वानखेडे सर राहतात शहराच्या कडेला, मांजरीला. पूर्वी जिथे ऊस होता तिथे आता इमारती आहेत, त्यातल्या एका इमारतीत चौथ्या मजल्यावर मुलाचा फ्लॅट. मुलगा नितीन आयटीत. सर आणि काकू निवृत्तीनंतर त्याच्याकडे आले. मोजमाप घ्यायला गेले तेव्हा नितीनने हॉलमधला एक कोपरा दाखवला आणि स्पष्ट सांगितलं, "मॅडम, हरकत नाही माझी. पण ॲक्चुअली इथे टीव्हीचं युनिट प्लॅन केलं होतं. दिवाळीला सगळे नातेवाईक येणार. तोपर्यंत टाकी नीट चालली तर ठीक. मासे मेले, वास सुटला, तर मी काढून टाकणार. पप्पांना मी सांगितलंय."

पोरगा वाईट नव्हता. घर त्याचं, हप्ते त्याचे.

सर मला सोडायला खाली आले. लिफ्टमध्ये म्हणाले, "चांगला ठेवतो तो आम्हाला. तक्रार नाही. पण मॅडम, त्या घरात मी सोफ्यावरही कडेला बसतो. आपोआपच सरकतो. तो कोपरा तेवढा माझा झाला तर बरं वाटेल."

म्हणजे प्रश्न माशांचा नव्हता. माणसाला घरात टेकायला हक्काची जागा असावी की नाही, हा होता.

मी कामाला लागले. कमी पैशांतला रीफ म्हणजे काय वगळायचं ते कळणं. टाकी दोन फुटी, ओळखीच्या काचवाल्याकडून बनवून घेतली. काचेच्या कडेला अडकवायचा साधा फिल्टर. पाणी हलतं ठेवायला एक छोटा पंप. दिवा मध्यम, कारण मऊ प्रवाळाला तेवढा पुरतो. मांजरीला गुरुवारी लाइट जाते, म्हणून बॅटरीवरचा एअरपंप. मीठ मात्र चांगलं. स्वयंपाकाचं मीठ चालत नाही. समुद्राच्या पाण्यात मिठाबरोबर बाकीचे बरेच क्षार असतात, ते सगळे असलेलं तयार मीठ मिळतं, ते घेतलं.

राहिला खडक. रीफचा सगळा जीव खडकात असतो. त्यातल्या सूक्ष्म जिवाणूंमुळे माशांची घाण पचते. हे जिवाणू वाढायला काही आठवडे लागतात, तेवढे दिवस टाकी रिकामी चालवायची. याला आम्ही सायकलिंग म्हणतो.

खडकाची चौकशी केली तर एका घाऊक व्यापाऱ्याचा फोन आला. "मॅडम, सायकलिंगची गरजच नाही. समुद्रातून काढलेला ताजा खडक देतो. त्यावर लागलेला ब्रेन कोरल फ्री. तुमच्या सिमेंटच्या खडकापेक्षा स्वस्त पडेल."

"हा गुन्हा आहे, माहीत आहे ना?"

"कोण बघतंय मांजरीत?"

"मी बघतेय," म्हटलं आणि फोन ठेवला.

वाचकांना सांगून ठेवते. आपल्या देशात खडक बांधणारा कठीण प्रवाळ, ब्रेन कोरल त्यातलाच, कायद्याने वाघाइतकाच संरक्षित आहे. तो काढायचा नाही, विकायचा नाही, घरात ठेवायचा नाही. आणि कायदा नसता तरी नाही. ज्याला वाढायला माणसाची हयात लागते, तो छिन्नीने फोडून कुणाच्या तरी टीव्हीशेजारी मरायला ठेवायचा, याला हौस म्हणत नाहीत. चोरी म्हणतात. मी सिमेंट आणि शिंपल्यांच्या चुऱ्याचे, माणसाने बनवलेले खडक घेतले. ते पाण्यात मुरवले, धुतले, पुन्हा मुरवले. वाघोलीत एक हौशी गृहस्थ आहेत, त्यांच्या टाकीत मश्रूम कोरल वर्षानुवर्षं वाढतो. हा मऊ प्रवाळ. दिसायला ओल्या मखमलीच्या चकतीसारखा, आणि कापला की तुकड्यापासून नवा वाढतो. त्यांनी काही तुकडे दिले. क्लाउनफिशची जोडी टाकीतच जन्मलेली. समुद्रातला एकही खडक आम्ही फोडला नाही.

शेवटचा मुद्दा पाण्याचा. टाकीतलं पाणी रोज थोडं उडतं. मीठ उडत नाही. म्हणून रोजची भर घालायची ती गोड्या पाण्याची, तीही नळाच्या नाही, RO मशीनच्या. त्यांच्या घरचं मशीन मी उघडून पाहिलं. आजकाल काही मशीनमध्ये तांब्याची कांडी बसवलेली असते, आरोग्यासाठी. रीफला ती घातक. यांच्यात नव्हती. मी खूश झाले आणि पानावर लिहिलं: 'आदल्या दिवशी RO चं पाणी भरून झाकून ठेवा. सकाळी पातळी बघून घाला.'

काकूंनी ते पान मोठ्याने वाचून घेतलं, फ्रिजवर चिकटवलं आणि मला प्यायला पाणी दिलं. उन्हातून आले होते. पाणी फार छान लागलं. तसं म्हणालेही.

"हाव नं," काकू म्हणाल्या. "इथल्या पाण्याले चवच नाही. मी आणतो त्याले चवीवर."

मी हसले आणि ग्लास ठेवला.

सायकलिंग झालं. आधी गोगलगाई सोडल्या, त्या काचेवरचं शेवाळ खातात. मग मासे, मग मश्रूम. मश्रूम उघडले त्या दिवशी सरांनी मला व्हिडिओ कॉल केला आणि नुसताच फोन टाकीसमोर धरून बसले. 

आणि मग हा फोन. गोगलगाई पडल्या.

मी मांजरीला पोचले. सर दारातच उभे. टाकीपाशी गेले. मासे खरोखर मजेत होते, मला बघून खाणं मागायला वर आले. गोगलगाई मात्र तशाच पडलेल्या. मश्रूम सुकलेल्या आमसुलासारखे आक्रसलेले.

मी किट काढलं. खारेपणा बरोबर. तापमान बरोबर. अमोनिया, म्हणजे माशांच्या घाणीचं विष, शून्य. सामू, म्हणजे पाणी आम्लाकडे झुकतंय की अल्कलीकडे, तोही जागेवर. कागदावर पाणी उत्तम होतं. त्या उत्तम पाण्यात निम्मे जीव मरत होते.

"खडकातून काही सुटतंय का?" सरांनी विचारलं.

मलाही तीच भीती होती. सिमेंट नीट मुरलं नसलं तर त्रास देऊ शकतं. तसं असेल तर सगळं माझ्यावर येतं. स्वस्तात, कायद्यात राहून रीफ होतो हा माझा हट्ट खोटा ठरतो, आणि त्याची किंमत या माणसाने त्याच्या कोपऱ्याने भरायची.

तेवढ्यात नितीन आतल्या खोलीतून आला. कानात हेडफोन, मीटिंग चालू असावी. टाकीकडे पाहिलं.

"पप्पा, हे मेलेत का?"

"आराम करतायत," सर म्हणाले.

नितीनने माझ्याकडे पाहिलं. "मॅडम, मी ऑनलाइन वाचलं. लोक म्हणतात ओरिजिनल समुद्राचा रॉक टाकला की प्रॉब्लेमच येत नाही. तुम्ही तो का नाही वापरला?"

"कारण तो चोरीचा असतो."

"ठीक आहे. पण दिवाळीला फार दिवस नाहीत, एवढंच म्हणतो." आणि तो पुन्हा मीटिंगला गेला.

पाण्याचा नमुना बाटलीत घेऊन मी दुकानात आले. जोगळेकर मागच्या बाजूला आजारी माशांची टाकी साफ करत होते. नवे आलेले मासे आधी तिथे ठेवतो, औषध देतो, मग विक्रीला काढतो. मी सगळं सांगितलं. त्यांनी स्पंज पिळला.

"म्हणजे मासे ठणठणीत, गोगलगाई गेल्या."

"हो."

"गायकवाड, या टाकीत गोगलगाय ठेवाल का?"

"नाही."

"का बरं? गोगलगाईंशी काही वैर?"

"इथे तांब्याचं औषध—" मी बोलता बोलता थांबले.

माशांच्या अंगावरचे परजीवी मारायला आम्ही पाण्यात तांब्याचं औषध टाकतो. माशाला ते सोसतं. बिनकण्याच्या जिवांना सोसत नाही. गोगलगाय, कोळंबी, प्रवाळ, सगळे जातात. हे मला पाठ होतं.

"पण त्यांचं RO मी उघडून पाहिलंय. तांब्याची कांडी नाही त्यात."

"मी RO म्हणालो का? मी तांबं शोधा म्हणतोय."

तांब्याची चाचणी सोपी असते. नळीत पाणी घ्यायचं, थेंब टाकायचे, रंग बघायचा. वानखेडे सरांच्या टाकीच्या पाण्याला रंग आला. फिकट, पण आला.

आता तांबं आलं कुठून? मी आधी आमच्याकडेच शोधलं. मासे नेताना पिशवीत आजारी टाकीचं पाणी गेलं का, आमची बादली औषधाची होती का, मिठाच्या पाण्याचा कॅन धुतलेला होता का. सगळं तपासलं. स्वच्छ.

"आधी आपलीच चूक शोधणारं दुकान," जोगळेकर म्हणाले. "बोर्डावर लिहून घेऊ. गर्दी आवरणार नाही."

पण बसने मी मांजरीला परत निघाले तेव्हा त्यांनी स्वतः तांबं शोषणारी फिल्टरची गादी आणि कोळशाची पिशवी माझ्या बॅगेत टाकली होती. बिल न करता. 

मांजरीला मी RO च्या तोटीखाली नळी धरली. थेंब टाकले. रंग नाही. म्हणजे मशीनमधून निघताना पाणी चांगलं आणि टाकीत पडताना वाईट. मधल्या रस्त्यात काहीतरी होतं.

"सर, रोजची भर कोण घालतं?"

"मीच. सौ. पाणी आणून देते, मी घालतो. अगदी तुमच्या पानाबरहुकूम."

"आज माझ्यासमोर घाला."

"आणतो नं," आतून काकूंचा आवाज आला.

आणि काकू आल्या. दोन्ही हातांनी धरलेला, चिंच-मीठ लावून घासलेला, आरशासारखा लखलखणारा तांब्याचा हंडा घेऊन. वर झाकण.

मी हंड्याकडे बघत राहिले.

"पाहून राहिली काय?" काकूंना आनंद झाला. "आईनं देल्ला होता मले लग्नात. सामान सारं गावाकडं ठेवलं, पण हा नाही ठेवला. नितीन म्हणे, आई, इथं मशीन हाय, हंडा कायले पायजे? म्हटलं, मशीन तुले, हंडा मले. रात्री मशीनचं पाणी यात भरतो. झाकून ठेवतो. तू लिहिलं नं, झाका म्हणून? आता जिवाले द्यायचं पाणी. प्लास्टिकच्या डब्यात काऊन ठेवू वं?"

त्या घरात सगळ्यात चांगलं जे भांडं होतं, त्यातलं पाणी त्या माशांना देत होत्या. मलाही त्यातलंच दिलं होतं. मी तारीफ केली होती.

काकू झाकण ठेवायला आत गेल्या. मी हंड्यातल्या पाण्याची चाचणी घेतली. या वेळी रंग फिका नव्हता.

RO मशीन पाण्यातले क्षार काढून घेतं. असं रिकामं पाणी भुकेलं असतं, ज्या भांड्यात ठेवाल त्या भांड्यातलं थोडं थोडं स्वतःत ओढतं. रोज सकाळी ते टाकीत पडत होतं. पाणी उडून जायचं, तांबं मागे राहायचं. दुसऱ्या दिवशी पुन्हा. माणसाला एक ग्लास प्यायला त्याचं काही नाही. त्या दोन फुटांत ते साचत होतं.

सरांनी नळी पाहिली, हंडा पाहिला. त्यांना समजावून सांगायची गरज पडली नाही. ते माझ्याजवळ आले आणि अगदी हळू म्हणाले, "मॅडम, तिला सांगू नका."

"म्हणजे?"

"खडकामुळे झालं म्हणा. मी नितीनला सांगतो, टाकी काढू. इथे आल्यापासून तिचं म्हणून एवढंच आहे. तो हंडा. रोज घासते. तिला कळलं की तिच्या हातानं—" त्यांनी वाक्य सोडून दिलं. "राहू द्या. मला बघायचं होतं, मी पाहिलं."

लहानपणापासून मी एकच शिकले आहे. जे आहे ते सांगायचं. मालकाला, पोलिसाला, साहेबाला. पण आपल्या माणसाला वाचवायला आपली एकमेव जागा सोडणाऱ्या माणसासमोर काय म्हणायचं, हे कुठल्या पत्रकात नव्हतं. होकार देणं सोपं होतं. टाकी निघाली असती. काकू तो हंडा तसाच घासत राहिल्या असत्या. आणि निर्दोष खडकावर खोटा आळ घेऊन नितीनने जन्मभर लोकांना सांगितलं असतं की समुद्र फोडल्याशिवाय रीफ होत नाही.

आणखी एक गोष्ट मला पटत नव्हती. काकूंना सत्य झेपणार नाही हे परस्पर ठरवणारे आम्ही कोण?

काकू बाहेर आल्या. मी म्हटलं, "काकू, बसा. एक सांगायचंय. हे पाणी माणसाला चांगलं आहे. यांना नाही. गोगलगाय आणि प्रवाळाला तांबं सोसत नाही."

काकू बसल्या. हंड्याकडे पाहिलं, टाकीकडे पाहिलं.

"मंग मीच मारल्या त्या?"

"नाही. झाकून ठेवा असं मी लिहिलं. कशात ठेवा ते लिहिलं नाही. तुम्ही लिहिल्याप्रमाणे केलंत."

 सर खिडकीबाहेर बघत होते. काकूंनी मान त्यांच्याकडे वळवली.

"तुमाले समजलं होतं नं?"

"कुठं काय?"

"तोंड सांगते तुमचं. हिच्या कानात काय फुसफुस चालली होती मंगाशी? मले सांगू नको म्हणून? सारा जन्म झाला, दुधात मीठ पडलं तरी हा माणूस पिऊन घेते, पण सांगत नाही. मी काय काचेची हाय का वो?"

 सर हसायला लागले. काकूंना राग यायचा होता, पण त्याही हसल्या. पदराने डोळे पुसले आणि उठल्या.

"चाल पोरी. आता काय करायचं ते सांग. रडून मासोळ्या जगतात काय?"

मग आम्ही तिघांनी हॉलची धर्मशाळा केली. मश्रूम चिकटलेले छोटे खडक उचलून स्वच्छ खाऱ्या पाण्याच्या बादलीत ठेवले. एक गोगलगाय अजून पाय आक्रसत होती, तीही त्यात. टाकीतलं बरंचसं पाणी उपसलं, नवं घातलं. फिल्टरमध्ये जोगळेकरांची गादी आणि कोळसा बसवला. काकू नळी धरत होत्या, सर बादल्या उचलत होते, मी टाकीत खांद्यापर्यंत. नेमका तेव्हा नितीन बाहेर आला. फरशीवर खारं पाणी, सोफ्यावर टॉवेल, आईचा पदर खोचलेला.

"आई, हे काय चाललंय?"

"समुद्र धुऊन राहिलो. तू तुझी मीटिंग पाह्य."

"पण टाकी तर काढायची—"

"कोण म्हणते? चूक माह्या हंड्याची हाय, टाकीची नाही. टीव्हीले दुसरी भिंत पाह्य. अन् बापाले ती जड बादली उचलू देतं? धर."

नितीनने हेडफोन काढून बादली धरली. मला वाटतं, त्या मीटिंगला त्याची तशीही गरज नव्हती.

लगेच सगळं सुधारलं असं नाही. वाळूत आणि खडकात शिरलेलं तांबं हळूहळू सुटत राहतं. मी येत राहिले, पाणी बदलत राहिले, थेंब टाकत राहिले. रंग आणखी फिका झाला. मग इतका फिका की आहे की नाही यावर सर आणि नितीन वाद घालायचे. मग एकदा नळीतलं पाणी नुसतं पाणी दिसलं. तिघांनी उजेडाकडे धरून पाहिलं. काकूंनी चौथ्यांदा चाचणी करायला लावली.

इतके दिवस दुकानातल्या खाऱ्या टाकीत सांभाळलेले मश्रूम परत ठेवले, ती गोगलगायही. त्या दिवशी मी दुकानात एकही काम धड केलं नाही. संध्याकाळी फोन वाजला. व्हिडिओ कॉल. पुन्हा नुसती टाकी समोर. चकत्या उघडल्या होत्या. सगळ्या नाही, पण बहुतेक. वाचलेली गोगलगाय काचेवर चढत होती, सावकाश, कुणाचीही पर्वा न करता. मी फोन जोगळेकरांच्या पुढे धरला.

"हं," ते म्हणाले. "म्हणजे आता स्वस्तातले रीफ लावत सुटणार आपण."

"दोघांनी विचारलंय आधीच."

"त्यांनाही पेन्शनच असेल."

"एकाला तर तीही नाही."

त्यांनी चष्मा पुसला. नाही म्हणाले नाहीत.

दिवाळीत मी मांजरीला गेले, फराळाला. हॉल पाहुण्यांनी भरला होता, सगळे यवतमाळचे. टीव्ही दुसऱ्या भिंतीवर गेला होता आणि बंद होता. सर टाकीशेजारी खुर्ची टाकून, अगदी मधोमध बसले होते आणि एका मेहुण्याला कंकणाकृती प्रवाळद्वीप बोटाने हवेत काढून दाखवत होते. मेहुण्याने विचारलं, "भाऊजी, तुम्ही खरं पाहिलं काय?"  सरांनी नुसतं टाकीकडे बोट केलं.

खिडकीजवळ पाण्याचा पांढरा प्लास्टिकचा कॅन होता, त्यावर काकूंच्या अक्षरात 'मासोळी'. हंडा स्वयंपाकघरात, तेवढाच लखलखीत. त्यातलं पाणी मी पुन्हा मागून प्यायले. अजूनही छानच लागतं.

माझ्या पानावर आता एक ओळ वाढली आहे: 'पाणी प्लास्टिकच्या कॅनमध्येच ठेवा. तांबं, पितळ नको.' जोगळेकरांनी वाचून विचारलं, "आणि कुणी चांदीचा गडू काढला तर?" प्रश्न रास्त आहे. दर घरात काय निघेल हे कुठल्याच पानात मावत नाही. म्हणून नव्या घरी गेले की पान काढण्याआधी मी प्यायला पाणी मागते आणि ते कशातून ओतलं जातंय ते स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बघते. मग लिहिते.